धोतर, फुटबॉल आणि कोंबडी

‘कापूस, धोतर, फुटबॉल, महात्मा गांधी आणि कोंबडी हे पाच शब्द वापरून एक अर्थपूर्ण वाक्य तयार करा’ असा प्रश्न आमच्या गुरुजींनी मराठीच्या पेपरात कधी घातला नाही, हे आमचे पूर्वसंचितच म्हणायचे. घातला असता तर सबंध वर्गाने पाणी प्यायला म्हणून बाहेर जाऊन थेट घर गाठले असते. पण वाचकहो, असे वाक्य आहे. नुसते अर्थपूर्ण नाही, तर सालवार खरे आहे. फक्त जरा लांबलचक आहे. ते सुरू होते आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत, मग बोटीत बसून इंग्लंडातल्या लँकशायर परगण्यात जाते, तिथे ब्लॅकबर्न नावाच्या गावी दीडशे वर्षे फुटबॉल खेळते आणि शेवटी पूर्णविराम घ्यायला पुण्याला येते. पुण्याला आल्यावर अर्थातच पूर्णविराम मिळत नाही, वाद सुरू होतो.

आमचे वडनेर हिंगणघाटच्या पुढे, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर. गावाचे मुख्य पीक कापूस आणि मुख्य खेळ ‘यंदा भाव किती फुटणार’ हा. फुटबॉल म्हणाल तर आमच्या शाळेत एक होता. तो हेडमास्तरांच्या कपाटात असे आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी त्याच्यात हवा भरीत. १६ तारखेला ती आपोआप निघून जाई. त्यामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज उद्योगसमूहाने, म्हणजे अंडी-कोंबड्यांच्या ‘वेंकीज’ने, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडातला फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, ही बातमी वाचून आमच्या काकाजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. काकाजींनी स्वतः एके काळी कोंबड्यांचा शेड टाकला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी निम्म्या कोंबड्या उन्हाने गेल्या, तेव्हापासून त्या धंद्याविषयीची त्यांची मते अनुभवसिद्ध आहेत.

“कोंबडीवाल्यायनं फुटबॉलची टीम घेतली? काहून बाप्पा? अंडे लाथेनं उडवाले?”

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. व्यवहार झाला म्हटले की डेबिट कुठे पडले आणि क्रेडिट कुठे, हे पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. तेव्हा मी त्या क्लबाचे जुने खाते उघडून बसलो. आणि पहिल्याच पानावर मला आमच्या पणजोबांचे धोतर वाळत घातलेले दिसले.

ब्लॅकबर्न हे मागावर वाढलेले गाव. ज्याच्या ‘स्पिनिंग जेनी’ने सूतकताईत उलथापालथ केली तो जेम्स हारग्रीव्हज त्याच भागातला. एकोणिसाव्या शतकात तिथे गिरण्यांच्या धुराड्यांचे रानच उठले, आणि त्या गिरण्यांचा एक मोठा धंदा म्हणजे हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी साधे कापड आणि धोतरे विणणे. धोतरे म्हणजे धोतरेच. तिथल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांतसुद्धा मालाचे नाव ‘धूती’ असेच लिहीत. ज्या वस्त्राला कासोटा कुठून मारायचा हे विणणाऱ्याला जन्मभर कळले नाही, ते त्याने मैलोगणती विणले. आम्हीही बँकेत अशी पुष्कळ स्टेटमेंटे तयार करून वर पाठवतो.

कापूस कुठून येई? बहुतेक अमेरिकेतून. पण १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध पेटले, बंदरे बंद झाली आणि लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. आपल्याकडच्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरती’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा फार, माग सारखा अडायचा. चर्चमध्ये कापसासाठी प्रार्थना चालू असताना एक विणकर मध्येच ‘देवा, कापूस पाठव, पण सुरती नको’ म्हणाला, असा किस्सा तिथे अजून सांगतात. हिंगणघाटचा कापूस मात्र त्यातल्या त्यात बरा, हे साहेबालाही मान्य होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर त्याने खास कापूस-कमिशनर नेमला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली. मग इथून गाठी जायच्या आणि तिथून धोतरे यायची. जाताना भाव त्यांचा, येताना भाव त्यांचा. मधला नफा कुठे गेला, याचा इतिहासकारांनी पुष्कळ शोध घेतला आहे. माझ्या मते त्याचा एक छोटासा भाग ब्लॅकबर्नमध्ये ईवुड पार्क या नावाने उभा आहे.

फुटबॉल तिथे इतका का फोफावला याचे कारण खेळाडूंच्या पायांत नाही, कायद्यात आहे. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी दोन वाजता काम थांबवणे भाग पडले. दोन वाजता गिरणीचा भोंगा वाजला की हजारो माणसे एकदम मोकळी. हातात नुकताच मिळालेला पगार आणि समोर मोकळी दुपार. आता शनिवारची अर्धी सुट्टी ही काय चीज आहे, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. २०१५ च्या सप्टेंबरपासून आमची अर्ध्या दिवसाची भानगड मिटली आणि दुसरा-चौथा शनिवार पूर्ण सुट्टी मिळू लागली. पण त्या अर्ध्या शनिवारची लज्जत पूर्ण शनिवारला नाही. पूर्ण शनिवारी दळण आणावे लागते.

५ नोव्हेंबर १८७५ रोजी ब्लॅकबर्नच्या सेंट लेजर हॉटेलात सतरा जण जमले आणि त्यांनी क्लब काढला. बड्या शाळांत शिकून आलेल्या खात्यापित्या घरच्या तरुणांचा त्यात पुढाकार. क्लब झाला, खजिनदार झाला, फक्त मैदान नव्हते. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाची स्थापना अशीच होते. शेवटी ऊझहेड भागात एका शेतकऱ्याचे कुरण मिळाले. त्याच्या बरोबर मध्यभागी गुरांना पाणी पाजायचे तळे होते. सामन्याच्या आधी त्या तळ्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गवताचे थर अंथरायचे आणि खेळायचे! बिऱ्हाडे बदलत बदलत क्लब १८८१ साली लेमिंग्टन रोडवर आणि १८९० साली ईवुड पार्कवर आला. १३ सप्टेंबर १८९० ला अ‍ॅक्रिंग्टन क्लबाविरुद्ध तिथे पहिला सामना झाला. गोलफलक शून्य-शून्य. कोऱ्या खातेवहीला शोभेलसा.

पण त्याआधी शेजारच्या डार्वेन गावाची गोष्ट सांगितली पाहिजे. डार्वेन ब्लॅकबर्नला अगदी लागून. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १८७९ साली डार्वेनच्या गिरणीवाल्या पोरांचा संघ एफ. ए. कपमध्ये ओल्ड ईटोनियन्सविरुद्ध खेळायला लंडनला गेला. ओल्ड ईटोनियन्स म्हणजे इंग्लंडातल्या सर्वांत बड्या शाळेचे माजी विद्यार्थी, सगळे सरदार-जहागीरदार. एकाविरुद्ध पाच गोलांनी मागे असलेल्या डार्वेनने शेवटच्या काही मिनिटांत पाच-पाच केले. जादा वेळ खेळू या म्हटले, तर साहेब नाही म्हणाले. पुन्हा लंडन. पुन्हा बरोबरी. पुन्हा लंडन! प्रत्येक वेळी गावात वर्गणी काढून आगगाडीचे भाडे जमवायचे. तिसऱ्या खेपेला दमून-भागून दोनविरुद्ध सहा गोलांनी हरले. सामन्याला जायला वर्गणी लागते तो संघ आणि सामना म्हणजे घराजवळचा फेरफटका असतो तो संघ, यांच्यात शेवटी कोण जिंकते ते सांगायला फुटबॉल कळावे लागत नाही.

त्या डार्वेन संघात फर्गस सूटर नावाचा स्कॉटलंडहून आलेला पाथरवट होता. इंग्लंडातला दगड फार टणक, हात सुजतात, असे सांगून त्याने पाथरवटाचे काम सोडून दिले आणि तरीही त्याचे व्यवस्थित चालले. कसे चालले, हे सगळ्यांना ठाऊक होते. खेळाडूला पैसे देणे तेव्हा नियमाबाहेर होते. १८८० साली हा सूटर डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे आला, तेव्हा दोन्ही गावांत जी शिवीगाळ झाली तिची धग बरीच वर्षे टिकली. मला यात विशेष नवल वाटले नाही. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागलेला आणि ज्याला काउंटरवर कुणी कधी पाहिलेले नाही असा एक क्लार्क प्रत्येक बँकेत असतो. टणक दगडाची हकिगत त्याच्याकडेही तयार असते.

१८८२ साली रोव्हर्स कपच्या अंतिम सामन्यात त्याच ओल्ड ईटोनियन्सकडून एका गोलाने हरले. पुढच्या साली त्याच ब्लॅकबर्न गावातल्या ‘ऑलिम्पिक’ नावाच्या दुसऱ्या क्लबाने ईटोनियन्सना हरवून कप गावात आणला. त्या संघात विणकर, सूत कातणारे, प्लंबर असली मंडळी होती. आणि मग रोव्हर्सनी १८८४, १८८५, १८८६ असा सलग तीनदा कप घेतला. १८९० आणि १८९१ ला पुन्हा. आठ वर्षांत पाच! १८८५ साली खेळाडूंना पैसे देणे अधिकृत झाले. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग काढली, त्या बारांत रोव्हर्स होते.

१८८४ च्या अंतिम सामन्याला ब्लॅकबर्नचे लोक गाड्या भरून लंडनला गेले, तेव्हा लंडनच्या एका प्रतिष्ठित वर्तमानपत्राने त्यांच्या कपड्यांची, बोलण्याची आणि शिव्यांची यथेच्छ टवाळी केली. उत्तरेकडून रानटी टोळधाड आली असा एकंदर सूर होता. हे वाचताना मला ब्लॅकबर्नकरांविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. तोंड उघडल्याबरोबर ‘तुम्ही नागपूरकडचे का हो?’ असे ज्याला विचारले गेले आहे, त्यालाच हे दुःख कळेल. पुढे सव्वाशे वर्षांनी आपला क्लब पुण्याच्या मंडळींकडे जाणार आहे, याची त्या बिचाऱ्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डिसेंबर १८९१, शेजारच्या बर्नली गावी सामना. बर्फ पडते आहे, वारा कापतो आहे, रोव्हर्स गोलांनी मागे. मारामारी झाली, दोघांना बाहेर काढले, आणि बघता बघता रोव्हर्सचे बाकीचे खेळाडूही मैदान सोडून उबेला गेले. उरला एकटा गोलरक्षक, हर्बी आर्थर. समोर बर्नलीचा संघ चाल करून आला. हर्बीने हात वर करून पंचांना सांगितले, ‘ऑफसाइड!’ अकरा जणांची भरपाई नियमाने करू पाहणाऱ्या या गृहस्थाचा फोटो प्रत्येक बँकेच्या शाखेत लावावा असे मला वाटते. वार्षिक क्लोजिंगच्या रात्री सगळे निघून गेल्यावर शाखेत जो एकटा उरतो, त्याची मनःस्थिती नेमकी हीच असते.

विसाव्या शतकात क्लबाला एक अध्यक्ष लाभले, लॉरेन्स कॉटन. गिरणीमालक. आडनावच कॉटन! आमच्याकडे असते तर लॉरेन्सराव कापसे म्हणून शोभले असते. या कापसेसाहेबांनी ईवुड पार्कवर नवे प्रेक्षागार बांधले आणि खेळाडू घ्यायला थैली मोकळी सोडली. १९१३ साली डॅनी शे याच्यासाठी २,००० पौंड मोजले. त्या वेळचा तो विक्रम होता. संघाचा कप्तान बॉब क्रॉम्प्टन हा ब्लॅकबर्नचाच, मूळचा प्लंबर. १९१२ आणि १९१४ साली रोव्हर्सनी लीग जिंकली. आता गंमत पाहा. लँकशायरच्या कापडधंद्याचे सर्वांत भरभराटीचे वर्ष कुठले, तर १९१३. त्या साली ब्रिटनमधून सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड परदेशी गेले, आणि त्यातले जवळजवळ ३०० कोटी यार्ड आले एकट्या हिंदुस्थानात. म्हणजे डावीकडे एक विजेतेपद, उजवीकडे एक विजेतेपद आणि मध्ये आमची धोतरे. ताळेबंद यापेक्षा स्वच्छ असू शकत नाही. इथून फुटबॉलचा चेंडू कुणी पाहिलेला नव्हता, पण डॅनी शेच्या दोन हजारांत आमच्या पणजोबांचेही चार-दोन आणे असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

महायुद्ध झाले, जपानचे स्वस्त कापड आले, आपल्या गिरण्या वाढल्या, स्वदेशी आली, परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. १९२८ ला रोव्हर्सनी पुन्हा एकदा कप घेतला आणि १९२९ च्या मार्चमध्ये बोल्टनविरुद्धच्या सामन्याला ईवुड पार्कवर ६२,५२२ माणसे जमली. हा त्या मैदानाचा विक्रम आजही मोडलेला नाही. आता मोडणे शक्यही नाही, कारण आज तिथे खुर्च्या आहेत आणि त्या एकतीस हजारांच्या थोड्या वर आहेत. पण तोवर गिरण्या पटापट बंद पडू लागल्या होत्या.

आणि १९३१ च्या सप्टेंबरात, गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी लँकशायरला गेले. उतरले कुठे? डार्वेनला. त्याच डार्वेनला. जिथल्या निम्म्या पोटांवर त्यांच्या बहिष्काराने पाय दिला होता, तिथेच ते दोन-तीन दिवस राहिले. बेकार कामगारांना भेटले, गिरणीत गेले. ज्या मुलुखाने आयुष्यभर धोतरे विणली त्या मुलुखाने धोतर नेसलेला माणूस बहुधा पहिल्यांदाच पाहिला; आणि ते धोतर त्यांच्या मागावरचे नव्हते, खादीचे होते. वर पुन्हा गुडघ्यापर्यंतच, म्हणजे यार्डांतही काटकसर!

दगड पडतील अशी भीती सरकारला होती. पडल्या त्या टाळ्या. गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. तो फोटो प्रसिद्ध आहे, त्यात गांधीजी हसताहेत आणि बाया त्यांच्यापेक्षा जास्त हसताहेत. गांधीजींनी त्यांना काही गोड सांगितले असेही नाही. तुमची बेकारी मी पाहतो आहे, पण आमच्या दारिद्र्यापुढे ती काहीच नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यावर एक बेकार कामगार म्हणाला की मी हिंदुस्थानात असतो तर मीही हेच केले असते. हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. तोवर माझ्या हिशेबात एका बाजूला वर्धा जिल्हा आणि दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न अशी सरळ दोन खाती होती. पण या माणसाला कुठल्या बाजूला मांडायचे? धोतराचा नफा त्याच्याही घरी गेला नव्हता. त्याला मिळाली होती ती शनिवारची दुपार.

तीन वर्षांनी गांधीजी वर्ध्याला राहायला आले आणि १९३६ ला सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला. त्याच १९३६ साली ब्लॅकबर्न रोव्हर्स इतिहासात पहिल्यांदा पहिल्या श्रेणीतून खाली घसरले. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही. पण आमच्या काकाजींचे तसे ठाम मत आहे.

पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे मी भरभर ओलांडतो, क्लबानेही ती तशीच कशीबशी ओलांडली. गिरण्या गेल्या, धुराडी पाडली. योगायोग असा की त्या गावात नंतर हिंदुस्थान-पाकिस्तानातून पुष्कळ कुटुंबे आली, उरल्यासुरल्या गिरण्यांच्या रात्रपाळ्या करायला. मग १९९१ मध्ये जॅक वॉकर उभा राहिला. ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाचा व्यापारी. आपली कंपनी ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकलेली, आणि लहानपणापासूनचे वेड एकच, रोव्हर्स. त्याने क्लब घेतला, केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर केले, अ‍ॅलन शिअररला विक्रमी रकमेला आणले आणि ईवुड पार्कच्या तीन बाजू पाडून नव्याने बांधल्या. त्यासाठी नटॉल स्ट्रीटवरची घरांची एक ओळच्या ओळ पाडावी लागली. १४ मे १९९५ ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले. पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आले नाही आणि ८१ वर्षांनी रोव्हर्स पुन्हा इंग्लंडचे विजेते झाले. सव्वा लाख वस्तीचे गाव! जॅक वॉकर २००० साली वारला. मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. आणि मैदानाच्या एका बाजूच्या प्रेक्षागाराचे नाव आहे, डार्वेन एंड.

दहा वर्षांनी वॉकरच्या विश्वस्तांनी क्लब विकला, तो आपल्या वेंकीजला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला हा उद्योग. पिले, खाद्य, लशी, अंडी सगळे एका छपराखाली आणून देशातल्या कुक्कुटपालनाचा चेहरामोहरा त्यांनी बदलला, यात वाद नाही. अंडी उबवण्याचे शास्त्र असे आहे की तापमान नेमके ठेवले तर एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येते. फुटबॉलचे तसे नाही, हे कळायला थोडा वेळ लागला. महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसना काढले. ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला आणायची बोलणी झाली. तो आला नाही. ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खाताहेत अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर २०११ मध्ये हा सबंध संघ पुण्याला बालेवाडीत पुणे एफ. सी. शी सामना खेळून गेला.

आणि ७ मे २०१२ ला ईवुड पार्कवर विगनविरुद्ध, पावसात, सगळे स्टेडियम चिडलेले असताना कुणी तरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या पाठीवर रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेला. खेळाडू बघताहेत, पंच बघताहेत, कोंबडी आपली गोलाच्या आसपास फिरते आहे. सामना हरला आणि क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. टीव्हीवर ते दृश्य पाहून काकाजी फक्त एवढेच म्हणाले, “गावठी दिसून रायली, बॉयलर नोहे.”

पुढच्या हंगामात मॅनेजरांची रांग लागली. हेनिंग बर्ग नावाचे गृहस्थ ५७ दिवस टिकले. आमच्याकडे साध्या क्लार्कचा प्रोबेशनचा काळ सहा महिन्यांचा असतो. मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले, म्हणजे दहा दिवसांची प्रगती झाली. ७ मे २०१७ ला, त्या कोंबडीला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, रोव्हर्सनी ब्रेंटफर्डला हरवले आणि तरीही गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत गेले. १९९५ ला हरून जिंकले होते. २०१७ ला जिंकून हरले. पुढच्या वर्षी मात्र ते वर आले.

आता खरे सांगायचे तर हा सगळा वृत्तांत वाचताना एखाद्या विदर्भवाल्याला थोडे बरे वाटायला हरकत नव्हती. हजारो मैलांवर बसलेल्या, गावात क्वचित दिसणाऱ्या मंडळींनी आपल्या गावाचे बरेवाईट ठरवावे, हा अनुभव ब्लॅकबर्नला २०१० नंतर आला. हिंगणघाटच्या बाजारात तो १८६७ लाच येऊन बसला होता. पण त्या कोंबडीच्या दिवशी स्टँडमध्ये जी माणसे रडत होती, ती कुणाची नातवंडे-पतवंडे? गिरणीमालकांची नव्हेत. टाळ्या वाजवणाऱ्या त्या बायांची. मी कितीही आकडेमोड केली तरी ही जुनी वसुली माझ्याच्याने त्यांच्या नावे पडेना.

आणि दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाही तर ऑडिटर शेरा मारतो. क्लब दरवर्षी कोट्यवधी पौंडांच्या तोट्यात असतो आणि तो तोटा वर्षानुवर्षे पुण्याहून भरला गेला आहे. जवळच्याच बरी गावच्या क्लबाला कुणी भरणारा उरला नाही, तर २०१९ साली त्याला लीगमधून काढून टाकले. मध्यंतरी परकीय चलनाच्या नियमांवरून सक्तवसुली संचालनालयाची चौकशी लागली, पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली आणि न्यायालयाने बँक गॅरंटीची अट घातली. हे वाचून मला गहिवरून आले. ब्लॅकबर्नच्या डाव्या विंगरचा पगार त्या काळात गॅरंटीच्या स्टँपपेपरवर अवलंबून! धोतराचा पैसा तिकडे गेला तेव्हा असला एकही कागद कुणी मागितला नव्हता.

काकाजींचा प्रश्न वेगळाच. “इतका तरास हाय त दुसऱ्या गावची टीम पकडाव नं. बर्नली बाजूलेच हाय म्हणतो तू.”

“काकाजी, तुम्ही कापूस सोडून दुसरे पीक घेतले का कधी?”

काकाजींनी विषय बदलला.

२०२५ साली क्लबाला दीडशे वर्षे झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात इप्सविचविरुद्ध रोव्हर्स एक-शून्यने पुढे होते. शेवटची दहा-बारा मिनिटे उरली होती. पाऊस इतका झाला की ईवुड पार्कवर चेंडू उसळेना, जिथे पडला तिथेच तरंगायला लागला. दीडशे वर्षांपूर्वी फळ्या टाकून झाकलेले ते गुरांचे तळे पत्ता शोधत शोधत इथे येऊन पोचले म्हणायचे! पंचांनी सामना थांबवला. पुढे लीगने निर्णय दिला की सामना पुन्हा खेळवायचा, पहिल्या मिनिटापासून, शून्य-शून्यवरून. आमच्याकडे याला रिव्हर्सल एंट्री म्हणतात, आणि त्यावर दोन सह्या लागतात.